तुळसाची साक्ष

लोणावळ्याला जाऊन आले म्हटलं की पुण्यात लोक पहिल्यांदा हवेबद्दल विचारतात. हवा छान होती. करवंदं मिळाली, जांभळं अजून यायची होती, सकाळी अंगावर शाल घ्यावी लागे. एवढं सांगितलं की विचारणाऱ्याचं समाधान होतं. त्या उन्हाळ्यात मी तिथं कशाला गेले होते आणि काय करून आले, ते मी आजवर कुणाला नीट सांगितलेलं नाही. जिथं हे घडलं त्या खेड्याचं नाव इथं लिहीत नाही. ज्या बाईची ही हकिकत आहे तिचंही नाव बदललं आहे. तिला मी तुळसा म्हणेन.

दुसरी मोठी लढाई सुरू होण्याच्या आधीचा तो उन्हाळा. मला वकिलीची सनद मिळून दोन वर्षं झाली होती. बाई वकील बघायला लोक कोर्टाच्या खिडक्यांतून वाकत, पण काम मात्र कुणी देत नसे. आम्ही सातआठ जणांनी मिळून एक लहानसं मंडळ काढलं होतं. ज्यांना वकील करणं झेपत नाही त्यांची कामं फुकट चालवायची आणि सुट्टीत तालुक्याच्या गावी जाऊन लोकांना सल्ला द्यायचा, एवढाच त्याचा हेतू. मंडळातले सर्वांत वडील बापूराव. साठी उलटलेली, मधुमेहानं अंग उतरलेलं, पण कागद वाचावा तो त्यांनीच.

वैशाखात मंडळाच्या नावानं एक पोस्टकार्ड आलं. कामशेतचे दुकानदार हुसेनभाई यांनी ते लिहिलं होतं. ‘इकडे एका कातकऱ्यास गवताच्या गंज्या जाळल्याबद्दल धरले आहे. विचाराल त्यास तो होय म्हणतो. त्यास प्रश्नच उमगत नाहीत असे मला वाटते. प्रांतसाहेबांनी पुढची तारीख दिली आहे. आपण येऊन पाहावे.’

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं बापूराव आणि मी निघालो. बरोबर त्यांची कागदांची पत्र्याची पेटी होती आणि आईनं दिलेले गुळपापडीचे लाडू.

वडगाव

मावळची कचेरी वडगावला आहे. कचेरीसमोर लिंबाच्या सावलीत अर्ज लिहिणारे ओळीनं बसले होते. त्यांच्यापुढं दूरच्या खेड्यांतून पहाटे निघालेली माणसं उकिडवी बसलेली. आम्ही फुकट सल्ला द्यायला आलो आहोत असं कळल्यावर एक लेखनिक हसून म्हणाला, “फुकटाचं औषध लागू पडत नसतं, रावसाहेब.” बापूरावही हसले, आणि कोठडीकडं गेले.

पोशा तिशीपस्तिशीचा असेल. काटक, केस राठ, डाव्या डोळ्याखाली माराची खूण पिवळी पडत चाललेली. आम्हाला बघून तो उठून उभा राहिला.

“पोशा, आम्ही वकील आहोत. तुझ्या बाजूचे,” मी म्हणाले.

“व्हय.”

“गंज्या तू पेटवल्यास?”

“व्हय.”

“कशासाठी?”

बापूराव त्याच्याकडं बघत होते. त्यांनी अचानक विचारलं, “तुझ्या बापाचं नाव गंगाराम का रे?”

“न्हाई. बारक्या.”

“आणि तू मूळचा तळेगावचा?”

“न्हाई जी. हितलाच हाय, डोंगराखालचा.”

बाहेर आल्यावर बापूराव म्हणाले, “हुसेनभाईंचा अंदाज चुकला. याला प्रश्न नीट कळतात. नाही कुठं म्हणायचं तेही कळतं. फक्त एकाच प्रश्नाला तो नाही म्हणत नाही.”

मग त्यांनी पंचनाम्याची नक्कल काढून दोनदा वाचली. घडलं ते असं होतं. त्या दिवशी सगळा गाव शेजारच्या गावी लग्नाला गेला होता. संध्याकाळी वऱ्हाड परतलं तेव्हा माळावर गणपतरावांच्या गवताच्या पाचही गंज्या पेटलेल्या होत्या, आणि पोशा गावाकडून डोंगराकडं झपझप चालला होता. हाक मारल्यावर पळाला. लोकांनी गाठून झोडपला. कनवटीला चकमक निघाली. ती कातकऱ्याच्या कनवटीला नेहमीच असते.

“हे बघ,” बापूरावांनी बोट ठेवलं. “पंच्यावर गुडघ्यांपाशी रक्ताचे वाळलेले डाग. दोन्ही हातांना कोपरापर्यंत रक्त. अंगावर भाजल्याची खूण नाही.”

“लोकांनी मारलं, त्याचं असेल.”

“नाक फुटलं तर रक्त छातीवर येतं. कोपरापर्यंत कसं जाईल? आणि हातावर त्याच्या जखम कुठं आहे?”

मी पुन्हा आत गेले आणि पोशाला त्या रक्ताबद्दल विचारलं. एवढा वेळ तो माझ्याकडं बघून बोलत होता. आता त्यानं मान खाली घातली आणि कोपऱ्यात जाऊन भिंतीकडं तोंड करून बसला.

कामशेत

हुसेनभाईंचं दुकान स्टेशनाजवळ. मीठ, रॉकेल, सुकी मिरची आणि कोयत्यांची पाती. आजोबांपासूनचा धंदा. दुकानामागंच घर. त्यांची बायको अमिनाबी माझ्या मावशीच्या वयाची. त्यांनी मला ओट्यावर बसवून तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं वाढलं. “पुण्यात बिरडं करतात का गं?” त्यांनी विचारलं. करतात, पण असं नाही, असं मी म्हटलं आणि ते खरं होतं. आमच्या घरी वालाला गूळ पडतो, त्यांच्याकडं खोबरं आणि मिरची. बापूरावांनी फक्त केळी आणि दूध घेतलं. त्यांना संकोच वाटत होता, आणि हुसेनभाईंना तो ठाऊक होता. म्हणून केळी आधीच आणून ठेवलेली होती.

“पोशा माझ्याकडं मध घेऊन येतो,” हुसेनभाई म्हणाले. “वीस वर्षं ओळखतो त्याला. मधात कधी गुळाचं पाणी नाही. गंजी पेटवील असं वाटत नाही, पण तो स्वतःच होय म्हणतोय तिथं मी काय बोलणार?”

दुसऱ्या दिवशी त्यांनीच बैलगाडी जोडली. नाणे मावळाचा तो रस्ता मी पहिल्यांदाच बघत होते. दोन्ही बाजूंना डोंगर, मधे कोरडी पडलेली भातखाचरं, बांधांवर उंबर आणि आंबे. खाचरांत राब, म्हणजे पेरणीआधी पसरलेला पालापाचोळा, जाळल्याचे काळे चौकोन. आमच्याकडच्या गावांतून जाताना पोरं गाडीमागं धावतात. इथं कुणी धावलं नाही. माणसं गाडी दिसली की बांधाआड होत.

ओढा ओलांडताना चाक धोंड्यावर चढलं आणि बापूरावांची पेटी सरळ डोहात. हुसेनभाई कपड्यांसकट उतरले म्हणून ती मिळाली. कागद चिंब झाले होते. आम्ही ते एकेक करून करवंदीच्या जाळ्यांवर वाळत घातले, आणि वाऱ्यानं उडू नयेत म्हणून मी राखण बसले.

तिथं एक बाई पुढं आली. ती केव्हापासून तरी झाडीत उभी असावी. कडेला मूल, गळ्यात काचमण्यांची माळ.

“वाडीवरची ठकी. पोशाची बायको,” हुसेनभाई म्हणाले.

“त्येला सोडत्याल का?” तिनं मला विचारलं.

“तोच म्हणतोय मी आग लावली.”

“त्यानं न्हाई लावली.” ती खाली बसली. “त्या दिशी सांच्याला लोकांनी त्येला धरून नेला, तवा मी मागं पळत गेले. त्यो मला म्हनला, म्हस सोडवून आलो. अडली व्हती. त्ये रगात म्हशीचं.”

“कुणाच्या म्हशीचं?”

“त्ये न्हाई सांगितलं. म्हनला, कुनाला बोलू नगं. मी बोल दिलाय.”

“मग तू आम्हाला का सांगतेस?”

ठकीनं कडेवरच्या मुलाकडं बघितलं. “त्यानं बोल दिलाय. म्या न्हाई दिला.”

डोंगराखालचं गाव

गणपतराव गावातले मोठे शेतकरी. ते उर्मट असतील अशी माझी कल्पना होती. तसे नव्हते. ज्याला आम्ही सोडवायला आलो होतो त्यानं त्यांचं गवत जाळलं असं त्यांना मनापासून वाटत होतं. तरी त्यांनी आम्हाला घोंगडी घालून बसवलं, गुळाचा चहा दिला, आणि माळावर नेऊन पाच काळी वर्तुळं दाखवली.

“आबा, आता पाऊस लागंल,” ते बापूरावांना म्हणाले. “चार म्हैनं जनावरं काय खात्याल? म्या त्येचं काय वाकडं केलं व्हतं? एकदा रानात गुरं घातली म्हनून दोन थोबाडीत दिल्या. त्येवढ्यासाठी कुनी गंजी जाळतं व्हय?”

परत येताना मी गोठ्यात डोकावले. कोपऱ्यात एक म्हैस बसलेली, कास भरलेली, शेजारी रेडकू नाही.

“व्यालेली दिसते,” मी म्हणाले.

“व्याली. रेडकू पोटातच मेलं. आमी समदी लग्नाला गेलतो, त्याच दिशी. घरात ही धाकटी भावजय एकलीच व्हती. तिनंच निभावलं बिचारीनं.”

दारात एक बाई उभी होती. पंचवीसेक वर्षांची, कपाळ मोकळं, पदर डोक्यावरून पुढं ओढलेला. गणपतरावांच्या मेलेल्या धाकट्या भावाची ती बायको. हीच तुळसा. विधवेनं लग्नाला जायचं नसतं, म्हणून सगळा गाव गेला तेव्हा ती मागं राहिली होती. अडलेली म्हैस एकट्या बाईनं सोडवणं किती अवघड असतं हे मला कळत नव्हतं, पण हुसेनभाईंना कळत होतं. ते जमिनीकडं बघत राहिले.

त्या रात्री देवळाच्या पडवीत निजायच्या आधी बापूराव म्हणाले, “उद्या तू एकटीच बोल तिच्याशी. पण एक लक्षात ठेव. ती साक्षीला आली तर पोशा सुटेल आणि ती अडकेल. आपण दोन दिवसांनी पुण्याला जाऊ. तिला इथंच राहायचं आहे. हे तिला आधी सांग, आणि मग विचार येतेस का म्हणून.”

“तसं सांगितलं तर ती येणार नाही.”

“कदाचित नाही येणार.”

“आणि पोशा दोन वर्षं तुरुंगात?”

बापूराव कूस वळून झोपले.

सकाळी तुळसा ओढ्यावर गोधड्या धुवायला आली. मी शेजारच्या धोंड्यावर बसले. मी काही विचारण्याआधीच ती म्हणाली, “तुमी कशासाठी आलाय त्ये मला ठावं हाय.”

“पोशानं तुझं नाव घेतलेलं नाही. आम्हालासुद्धा नाही सांगितलं.”

ती गोधडी आपटायची थांबली. मग तिनं सांगितलं. दुपारी म्हशीला कळा लागल्या. एक पाय बाहेर आलेला, दुसरा आत अडकलेला. म्हैस हंबरडा फोडत होती. ती रस्त्यावर धावत आली तर गावात चिटपाखरू नाही. पोशा मोळी घेऊन डोंगरावरून उतरत होता. त्याला जनावराचं कळतं हे सगळ्यांना माहीत. तिनं त्याला हाक मारली. म्हैस बुजून दाराकडं धाव घ्यायची म्हणून दार आतून लावलं. ऊन कलेपर्यंत दोघं तिच्याशी झटत होती. रेडकू मेलेलं निघालं, म्हैस वाचली. रेडकू घरामागच्या परड्यात पुरलं, आणि मग ती भानावर आली. सगळं गाव बाहेर, दार बंद, आत विधवा बाई आणि कातकरी. तिनं त्याला सांगितलं, तू हितं आलताच न्हाईस. तो बरं म्हणाला आणि गेला. पुढं माळावर लोकांनी त्याला धरला.

“म्या ऐकलं तवा दोन दिस पानी सुदीक गेलं न्हाई घशाखाली,” ती म्हणाली. “पन दारात जाऊन कुनाला सांगू?”

“प्रांतसाहेबांना सांग. लोणावळ्याला.”

“मोठ्या भाऊजींच्या समूर?”

“हो.”

तिनं गोधडी पिळून धोंड्यावर ठेवली. “मग माझं काय हुईल, बाई?”

बापूरावांनी काय सांगितलं होतं ते मला शब्दन् शब्द आठवत होतं. कोठडीच्या कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून बसलेला पोशाही डोळ्यांपुढं होता. मी म्हणाले, “काही होणार नाही. खरं सांगणाऱ्याच्या पाठीशी कायदा असतो. आणि मी आहे ना.”

ती माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, “बरं. येते म्या.”

लोणावळा

प्रांतसाहेबांचा उन्हाळी मुक्काम एका बंगल्यात होता. व्हरांड्यातच कोर्ट भरे. रस्त्यावरून मुंबईच्या मंडळींच्या मोटारी जात होत्या, मुलं घोड्यांवर बसून फिरत होती, कुणाच्या तरी बंगल्यात ग्रामोफोन लागला होता. गावाकडची वीसपंचवीस माणसं कुंपणापाशी बसली होती. तुळसाला समन्स गेल्यापासून गावाला सगळं कळलेलं होतं. ती गणपतरावांच्या माणसांबरोबरच गाडीनं आली होती, पण त्यांच्यापासून दूर, एका झाडाखाली एकटीच उभी होती. मी पाणी आणून दिलं, ते तिनं घेतलं नाही.

तिनं साक्ष दिली ती अगदी हळू आवाजात. प्रांतसाहेबांनी दोनदा मोठ्यानं बोलायला सांगितलं. ओढ्यावर मला सांगितलं तेवढंच तिनं सांगितलं, त्यात काही वाढवलं नाही की घटवलं नाही.

मग सरकारतर्फेचे वकील उठले. गृहस्थ सुशिक्षित, कपाळावर गंध.

“दार कुणी लावलं?”

“म्या.”

“आतून?”

“व्हय. म्हस बुजत व्हती.”

कुंपणाकडून कुणी तरी हसलं.

“किती वेळ दोघं आत होता?”

“ऊन कलेपत्तुर.”

आता पुष्कळजण हसले. “याच्या आधी किती वेळा आला होता हा तुझ्याकडं?”

मी हरकत घेतली. प्रांतसाहेब म्हणाले, प्रश्न चालेल. तुळसा म्हणाली, “कंदीच न्हाई.”

“नवरा जाऊन किती वर्षं झाली तुला?”

“चार.”

“चार वर्षं एकटीच राहतेस?”

तेवढ्यात पोशा ओरडला. इतके दिवस ‘व्हय’पलीकडं न बोललेला माणूस दोन शिपायांमधून पुढं झेपावत होता.

“खोटं हाय, सायेब! बाय खोटं बोलती! म्याच लावली आग! त्या गोठ्यात म्या पाय सुदीक ठिवला न्हाई!”

तुळसा त्याच्याकडं वळली. “गप ऱ्हा, पोशा,” ती म्हणाली, आणि ते मात्र सगळ्यांना ऐकू गेलं. “आता सांगून झालंय.”

प्रांतसाहेबांनी चष्मा काढला. “तू आग लावलीस म्हणतोस. किती गंज्या होत्या?”

पोशा गोंधळला. “दोन.”

“पाच होत्या. कुठल्या कडेनं लावलीस?”

“वरल्या.”

“कशानं?”

“काडीनं.”

“तुझ्याकडं चकमक सापडली. काडी नव्हती.”

पोशा रडायला लागला. मोठ्या पुरुषाला इतकं उघड रडताना मी तोवर पाहिलं नव्हतं. तो रडत रडत पुन्हा पुन्हा म्हणत होता, “बायचं नाव काडा, सायेब. कागदावनं नाव काडा.”

परड्यात पुरलेलं रेडकू फौजदारानं आधीच उकरून पाहिलं होतं. पंच्यावरच्या रक्ताचा खुलासा झाला. दुपारी प्रांतसाहेबांनी पोशाला दोषमुक्त केलं. आग कुणी लावली ते शेवटपर्यंत कळलं नाही. वऱ्हाडातल्या कुणाची विडी असेल, किंवा ढोलकऱ्यांनी ढोल शेकायला केलेला जाळ असेल.

लोकांनी माझ्याभोवती गर्दी केली. लोणावळ्याचे दोन वकील येऊन हात जोडून गेले, एका बंगल्यातल्या बाईंनी मला चहाला बोलावलं. हुसेनभाईंनी पेढे आणले. मी खूष होते. ते लपवण्यात अर्थ नाही. आयुष्यातला पहिला खटला मी जिंकला होता. या सगळ्यात तासभर गेला असेल. मग मी तुळसाला शोधायला झाडाखाली गेले तर तिथं कुणी नव्हतं. गावची माणसं पॅसेंजरनं निघून गेली, असं पट्टेवाल्यानं सांगितलं.

परतीच्या गाडीत बापूराव खिडकीबाहेर बघत होते. तळेगाव मागं गेल्यावर त्यांनी विचारलं, “तिला सांगितलं होतंस?”

“हो,” मी म्हणाले.

पुन्हा लोणावळा

कोजागिरी होऊन गेली होती. सकाळी दार उघडलं तर पायरीवर पोशा आणि ठकी बसलेली. कामशेतहून पुण्यापर्यंत दोघं चालत आली होती. हुसेनभाईंनी चिठ्ठीवर माझा पत्ता लिहून दिला होता. तो विचारत विचारत ती पोचली. मी आत बोलावलं, ती आली नाहीत. आईनं पायरीवरच पानं मांडली.

पोशा म्हणाला, “बायला घरातनं काडली.”

लोणावळ्याहून परत गेल्यावर तिचं गाठोडं बाहेर ओट्यावर ठेवलेलं होतं. गणपतराव तिला काही बोलले नाहीत, मारलं नाही, शिवी दिली नाही. घरातल्या कुणीच तिच्याशी एक शब्द काढला नाही. दार लावून घेतलं, एवढंच. ती रात्रभर ओट्यावर बसून राहिली. सकाळी विहिरीवर गेली तर बायका घागरी उचलून बाजूला झाल्या. माहेरी गेली, तिथं भावानं आठ दिवस ठेवलं. आता लोणावळ्यात कुणाकडं तरी धुणंभांडी करते.

“तुमी तिला सोडवा,” पोशा म्हणाला. “मला सोडवलं तसं.”

मी त्याच आठवड्यात गेले. पाऊस संपला होता, डोंगरांवरचं गवत पिवळं पडायला लागलं होतं. बंगले दिवाळीच्या पाहुण्यांसाठी उघडत होते. खिडक्या धुतल्या जात होत्या, गाद्या उन्हात टाकल्या होत्या. चार ठिकाणी चौकशी केल्यावर एका बंगल्याच्या मागच्या अंगाला तुळसा सापडली. नळापाशी बसून ती राखेनं पितळी पातेली घासत होती. बारीक झाली होती. मला ओळखून ती उठायला लागली, मी तिला बसवलं आणि शेजारी बसले.

“पोशा आला होता माझ्याकडं. चालत.”

“पुन्यापत्तुर?” ती जराशी हसली. “खुळा हाय त्यो.”

मी वाटेत सगळं मनात जुळवून आणलं होतं. ते मी सांगून टाकलं. नवऱ्याच्या घरात राहायचा तुझा हक्क आहे. अन्नवस्त्राचा हक्क आहे. त्यांना असं काढून देता येत नाही. मी दावा लावते, सगळं मंडळ करील, तुला काही खर्च नाही.

तिनं नीट ऐकून घेतलं. “पुन्यांदा उभं ऱ्हावं लागंल?”

“हो.”

“त्या वकिलानं इचारलं तसं इचारत्याल?”

“विचारतील.”

“आन कोरटानं सांगितलं म्हनून भाऊजींनी घरात घेतलं, तर तितं माझ्यासंगट कोन बोलंल?”

मी पिशवीतून वकीलपत्राचा कागद काढला.

“नगं, बाई,” ती म्हणाली. “हितं बरं हाय. हितं कुनाला ठावं न्हाई.”

ती पुन्हा घासायला लागली. आतून कुणी तरी हाक मारली, ती “आले” म्हणाली पण उठली नाही. एक पातेलं झालं, तिनं ते पालथं घातलं.

“एक इचारू? असं हुईल ह्ये तुमाला ठावं व्हतं का?”

नाही म्हणता आलं असतं. बापूरावांना मी आगगाडीत खोटं सांगितलं होतं, तसंच इथंही चाललं असतं. पण तिच्यापुढं बसून ते तोंडातून येईना.

“हो,” मी म्हणाले. “मला ठाऊक होतं. बापूरावांनी सांगितलं होतं, तिला आधी सगळं सांग म्हणून. मी नाही सांगितलं.”

तुळसाचे हात थांबले.

“मला बी ठावं व्हतं,” ती म्हणाली. “समदं ठावं व्हतं. त्या दिशी ओढ्याव तुमी म्हनालात काय बी हुनार न्हाई, तवा मला वाटलं, ह्या बाईला हितलं काय कळत न्हाई. पुन्याची हाय, बिचारी. मला तुमचीच दया आली. म्हनून म्या काय बोलले न्हाई.”

तिनं हातावरची राख नळाखाली धुतली.

“तुमाला ठावं व्हतं, ह्ये आत्ता कळलं.”

पुन्हा हाक आली. तिनं घासलेली भांडी एकात एक रचली, पदर सावरला आणि ती आत गेली. मी बराच वेळ नळापाशी उभी होते. ती परत बाहेर आली नाही.